कार्टूनमधले मरण

गेल्या वर्षी आमच्या वाङ्मय मंडळाने चर्चेसाठी विषय मागवले होते. मी एका चिठ्ठीवर ‘कार्टून चित्रपटांतील गंभीर आशय’ असे लिहून दिले. चिठ्ठी वाचली गेली आणि वर्ग हसला. ‘अगं, बी.ए.ला आहेस की बालवाडीत?’ असे मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले. सरही हसले, त्यांचे हसणे प्रेमळ होते, हे सांगितले पाहिजे. अखेर चर्चा झाली ती ‘मोबाइल : शाप की वरदान’ या विषयावर. ती आमच्याकडे दरवर्षी होते आणि दरवर्षी मोबाइल हा थोडा शाप व थोडा वरदान ठरतो. माझी चिठ्ठी तशीच राहिली. वार्षिकांकासाठी लेख मागितला गेला तेव्हा ती आठवली, म्हणून हा प्रपंच.

कार्टून म्हणजे पोरासोरांची करमणूक, आणि त्यातही अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून उडणारा वीर असला म्हणजे तर विचारायलाच नको, हा समज आपल्याकडे पक्का आहे. पण हा समज आपल्या मातीतला नव्हे असे मला वाटते. धानाची कापणी होऊ लागली की आपल्या झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. दिवसा मंडई, रात्री दंडार नाहीतर खडी गंमत, आणि मोठ्या गावी नाटक. त्या सतरंजीवर आजी असते, लेकुरवाळ्या सुना असतात, म्हातारे असतात, आणि त्यांच्या मांडीवर, खांद्यावर, पायांत पोरे असतात. मुलांचा खेळ निराळा आणि मोठ्यांचा निराळा, अशी वाटणी तिथे कोणी केलेली नाही. मी सहा वर्षांची असेन, तेव्हा आजीच्या मांडीवर बसून अभिमन्यूचा वध पाहिला. पहाटेचे तीन वाजले असतील. एवढी मोठी माणसे त्याच्या बाजूला असताना त्याला सोडवायला कोणी कसे आले नाही, हे मला कळेना. आजी म्हणाली, ‘आत जाचं शिकला होता माय, बाहेर निंगाचं कोनी शिकवलंच नाई.’ त्या उत्तराने माझे समाधान झाले नाही. पण माझे वय पाहून तिने उत्तर गोड केले नाही, याचे आज मला मोठे अप्रूप वाटते.

पुढे टीव्ही आला आणि मुलांसाठी निराळे ताट वाढले जाऊ लागले. ‘छोटा भीम’ २००८ पासून सुरू आहे. माझा धाकटा भाऊ कितीतरी वर्षे असे समजत होता की भीमाने लाडू खाऊन शंभर कौरव मारले. ढोलकपूरचा भीम हा महाभारतातला भीम नव्हे, हे त्याला समजावण्यात माझ्या दोन दिवाळ्या गेल्या. त्या भीमाला ना हिडिंबा आहे, ना घटोत्कच, ना दुःशासन. त्याला कोणी कायमचे गमावत नाही, आणि म्हणून तो कधी मोठा होत नाही. त्याआधी, २००५ मध्ये, व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ येऊन गेला होता. तो बाळहनुमान मला अजून आवडतो, हे कबूल करते. पण आपल्या चित्रपटवाल्यांनी त्यापासून धडा घेतला तो एवढाच, की देव लहान केला म्हणजे खपतो. ‘अर्जुन : द वॉरियर प्रिन्स’ या २०१२ च्या पटाने जरा मोठ्यांसारखे बोलायचा प्रयत्न केला, तर तो फारसा चालला नाही. २०२५ च्या जुलैत ‘महावतार नरसिंह’ आला आणि मात्र घरेच्या घरे थिएटरात गेली. त्यात पोटचा मुलगा मारायला निघालेला बाप आहे, आणि शेवटी त्या बापाचे जे होते ते काही लाडूखाऊ नाही. आजीला कोणी सांगितले असते की हे मुलांनी पाहू नये, तर तिने विचारले असते, मग प्रल्हाद कोणी पाहायचा?

इथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. रक्त दाखवले की चित्र प्रौढ होते, असे समजणारे पुष्कळ आहेत. २०१६ मध्ये बॅटमॅनचा ‘द किलिंग जोक’ हा ॲनिमेशनपट आला. १९८८ च्या एका गाजलेल्या चित्रकथेवरून तो काढला होता. अमेरिकेत त्याला ‘आर’ वर्गातले प्रमाणपत्र मिळाले आणि त्याचीच जाहिरात झाली. त्यात बार्बरा नावाच्या तरुणीला गोळी घालून जन्माची अपंग केली जाते. का? तर तिच्या बापाला वेड लागावे म्हणून. तिला काय वाटले याचा विचार मूळ कथेत फारसा नव्हता. चित्रपटाने ती उणीव भरून काढण्यासाठी सुरुवातीला अर्धा तास वाढवला आणि त्या अर्ध्या तासात तिचे बॅटमॅनशी शरीरसंबंध दाखवले. शाळेमागे लपून पहिली बिडी ओढणाऱ्या पोरांना जसे आपण मोठे झालो असे वाटते, तसे मला या चित्रपटाचे वाटते.

याउलट ‘द इन्क्रेडिबल्स’ (२००४) पाहा. सगळ्या कुटुंबाने पाहावा असा हा चित्रपट. त्यात जीव द्यायला उडी मारलेल्या माणसाला नायक वाचवतो आणि तोच माणूस, मला का वाचवलेस, म्हणून कोर्टात खेचतो. मग हा महाबली विमा कंपनीत टेबलामागे बसून पोट वाढवतो, नोकरी गेल्याचे बायकोपासून लपवतो. आई गुहेत मुलांना सांगते की समोरचे दुष्ट टीव्हीतल्या दुष्टांसारखे नाहीत, तुम्ही मुले आहात म्हणून ते सोडणार नाहीत. ही आई मला आमच्या आजीच्या जातीची वाटली. बॅटमॅनचाच १९९३ चा ‘मास्क ऑफ द फँटॅझम’ त्याहून सरस आहे. तरुण ब्रूस प्रेमात पडतो आणि आईवडिलांच्या थडग्यापुढे पावसात उभा राहून विनवतो की मला माझ्या वचनातून मोकळे करा. मी सुखी होईन असे मला तेव्हा वाटले नव्हते. भीष्म मला तिथे आठवले. दोन्ही मुलगे गेल्यावर सत्यवतीने स्वतः भीष्मांना प्रतिज्ञा बाजूला ठेवायला सांगितले, तरी ते हलले नाहीत. ब्रूस निदान विचारतो तरी. एका थेंब रक्ताविना तो प्रसंग कुठल्याही मोठ्या माणसाला गप्प करील.

आता ज्या चित्रपटासाठी मी चिठ्ठी लिहिली होती त्याकडे वळते. ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा जून २०२३ मध्ये भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्या दहांत मराठी होती, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना माहीतही नसेल. मी मात्र तो हिंदीत पाहिला. दिवाळीच्या सुट्टीत, धाकट्या भावाच्या हट्टापायी, मावसभावाच्या लॅपटॉपवर. आजी शेजारी सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिने पाहिले असे म्हणता येणार नाही. पण तिची मान अधूनमधून वर होत होती.

माइल्स मोरालेस हा न्यूयॉर्कचा पंधरा वर्षांचा मुलगा या कथेचा नायक. बाप पोलीस. या कथेत विश्वे अनेक आहेत आणि प्रत्येक विश्वाचा आपापला कोळीमानव आहे. त्यांतल्या एकाचे गाव ‘मुंबटन’, म्हणजे मुंबई आणि मॅनहॅटन यांची खिचडी, आणि तिथल्या कोळीमानवाचे नाव पवित्र प्रभाकर. हे पात्र २००४ मध्ये भारतीय वाचकांसाठी काढलेल्या चित्रकथेतून आले. त्या मूळ कथेतला पवित्र खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईला आलेला, धोतर नेसणारा, आणि त्यावरून वर्गात चिडवला जाणारा मुलगा आहे. भीमकाका आणि मायाकाकू हे त्याचे घर. शिष्यवृत्ती आणि चिडवणे या दोन्ही गोष्टी आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. चित्रपटातला पवित्र मात्र मजेत आहे. कोळीमानव होऊन त्याला सहा महिनेच झालेत, सगळे त्याला सोपे वाटते. त्याच्यावर अजून काही कोसळलेले नाही.

मग कोसळते. एक अजस्र इमारत ढासळते, पुलावरच्या बसमध्ये पवित्रची मैत्रीण गायत्री अडकते, आणि गायत्रीचे वडील, पोलीस अधिकारी सिंग, एका लहान मुलाला वाचवता वाचवता पडत्या ढिगाऱ्याखाली येणार असतात. माइल्सची मैत्रीण ग्वेन त्याला अडवू पाहते. तो ऐकत नाही, उडी घेतो, सिंगना आणि त्या मुलाला बाहेर काढतो. लोक टाळ्या वाजवतात. आजी म्हणाली, ‘बेस केलं पोरानं.’ आणि पुढच्याच क्षणी शहराच्या मध्यभागी जमिनीला काळे भोक पडू लागते.

का पडते? तर मिगेल ओहारा नावाचा एक करडा कोळीमानव, जो सगळ्या विश्वांची राखण करतो, तो सांगतो : प्रत्येक कोळीमानवाच्या आयुष्यात काही घटना ठरलेल्या असतात. काका किंवा तसेच कोणी जवळचे माणूस मरते. पुढे जवळचा एक पोलीस कप्तान एका मुलाला वाचवताना ढिगाऱ्याखाली मरतो. या घटनांनीच विश्वाचे जाळे विणलेले आहे. त्यांतली एक जरी टाळली तरी ते सगळे विश्व उसवते, आणि त्यातली सगळी माणसे नाहीशी होतात. त्याने स्वतः एकदा असे विश्व हातातून जाताना पाहिले आहे, आणि त्याबरोबर एक लहान मुलगीही. माइल्सचा बाप दोन दिवसांत कप्तान होणार आहे, हे माइल्सला तिथे कळते. म्हणजे काय होणार, हेही कळते. आणि त्याला सांगितले जाते की तू मध्ये पडू नकोस.

‘वाचवलं त शिव्या देऊन रायले?’ आजीने विचारले. तिने सूप खाली ठेवले होते.

माइल्सला अडवणारे दुष्ट नाहीत, इथे या चित्रपटाचे मोठेपण आहे. शेकडो कोळीमानव त्याच्या मागे धावतात आणि त्यांतला प्रत्येकजण कोणाला तरी गमावून आलेला आहे. त्यांनी आपले दुःख गिळले, त्याला अर्थ दिला, ‘यामुळेच मी घडलो’ असे स्वतःला सांगितले आणि त्यावर उरलेले आयुष्य उभे केले. आता हा पंधरा वर्षांचा पोरगा येतो आणि म्हणतो, माझा बाप मी मरू देणार नाही. त्यांना त्याचा एवढा राग का यावा? विश्व उसवेल ही भीती आहेच. पण मला वाटते आणखी एक भीती आहे. याचा बाप वाचू शकत असेल, तर आपलाही वाचला असता. हे ज्याला स्वतःशी बोलावे लागेल त्याच्यासारखा दुःखी माणूस नाही. एवढे सगळे एका रंगीत, धावत्या, दर दोन मिनिटांनी विनोद करणाऱ्या कार्टूनमध्ये आहे.

गंमत अशी की हे ‘ठरलेले’ कोणी ठरवले त्याचा दाखला उपलब्ध आहे. कोळीमानव १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी निर्माण केला, तेव्हाच त्याचा काका मेला. १९७० च्या एका अंकात कप्तान स्टेसी हा पोलीस अधिकारी एका मुलाला ढिगाऱ्यापासून वाचवताना मेला. १९७३ मध्ये त्याची मुलगी ग्वेन मेली. म्हणजे विश्वाचे जाळे विणणारे हे विधिलिखित न्यूयॉर्कच्या एका कचेरीत, पुढच्या महिन्याचा अंक काढायची घाई असलेल्या चार माणसांनी लिहिले आहे. चित्रपटकर्त्यांना हे अर्थातच ठाऊक आहे. मिगेल पडद्यावर मरणांची जी मालिका दाखवतो तीत ती जुनी मरणेही आहेत.

आपल्याकडे सटवाई पाचव्या रात्री कपाळावर लिहून जाते. लिहिलेले टळत नाही, हे आपण पाळण्यापासून ऐकतो. मी त्याची थट्टा करणार नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा तान्ही बाळे गेली, सात वाचली. मी तेव्हा शाळेत होते. पिठाच्या गिरणीवर, दुकानात, बसमध्ये लोक म्हणत होते, ‘तेवढंच आयुष्य घेऊन आली होती.’ त्या वेळी मला हे वाक्य नुसते वाईट वाटले होते. का, ते सांगता आले नसते. आज सांगता येते. त्या दहांपैकी एखाद्या आईने रात्री स्वतःशी असे म्हटले असेल, तर ते तिचे सांत्वन आहे आणि त्याला हात लावायचा कोणालाच अधिकार नाही. पण ज्याचे काही गेलेले नाही अशा माणसाने गिरणीवर दळण खांद्यावर घेत तेच वाक्य म्हटले, की त्याचा अर्थ पालटतो. मग ते सांत्वन राहत नाही. ती विचारणा बंद करण्याची रीत होते. मिगेलच्या तोंडी हे वाक्य शोभते की नाही याचा मी फार दिवस विचार केला. त्याने गमावले आहे खरे. पण तो आपल्या दुःखाविषयी बोलत नाही, तो माइल्सच्या बापाविषयी बोलतो आहे.

या जागी मला महाभारतातला घटोत्कच दिसतो. रात्रीच्या युद्धात कर्णाने इंद्राची शक्ती घटोत्कचावर टाकली. ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली होती आणि ती एकदाच वापरता येत होती. घटोत्कच पडला, पांडव रडू लागले, आणि श्रीकृष्ण आनंदाने नाचू लागला. अर्जुनाने विचारले तेव्हा त्याने सरळ हिशेब सांगितला : आता तू वाचलास. आणि पुढे हेही सांगितले की कर्णाने त्याला मारले नसते, तर पुढेमागे मलाच मारावे लागले असते. महाभारत लिहिणाऱ्याने हे लपवले नाही, यासाठी मी त्याला नमस्कार करते. पण ज्याच्या मरणावर विश्व तगले तो कोण होता, हे पाहण्यासारखे आहे. तो राजवाड्यात वाढलेला नव्हता. रानातल्या हिडिंबेचा मुलगा, बापाने हाक मारल्यावर धावत आलेला. अभिमन्यूसाठी अर्जुनाने सूर्यास्ताची प्रतिज्ञा केली. घटोत्कचासाठी कोणी केली नाही. ‘कोणीतरी गेलेच पाहिजे’ असे ठरते, तेव्हा ते कोणीतरी बहुधा दाराशी सर्वांत जवळ उभे असते.

हा हिशेब आमच्या घरात आहे, म्हणून मी त्याविषयी एवढे लिहिते आहे. आजीचे माहेर वैनगंगेच्या काठी होते. ते धरणात गेले. धरणाचे नाव लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यात ते सांगावे लागत नाही. तेव्हा गावोगावची शहाणी माणसे म्हणत, ‘मोठ्या कामासाठी कोनाले त द्यावंच लागते.’ ज्यांची एक बांधीही जात नव्हती, ती जरा जास्तच खात्रीने म्हणत. मोठे काम खोटे नव्हते, हेही लिहिले पाहिजे. आजीच्या सासरच्या, म्हणजे आमच्या, धुऱ्यावर त्याच पाण्याचा कालवा आला. आज आमच्याकडे उन्हाळी धान होते, माझी कॉलेजची फी त्यातूनच भरली जाते, आणि त्या दिवशी आजीच्या सुपात जे तांदूळ होते ते त्याच पाण्याचे होते. उन्हाळी धान पहिल्यांदा घरात आले त्या वर्षी आजी काही बोलली नाही, असे आई सांगते. पोती मोजून घेतली, एवढेच. तेव्हा धरण नको होते असे मी सोयीस्करपणे म्हणू शकत नाही, आणि ते लिहिलेलेच होते असे म्हणायला आजीसमोर माझी जीभ रेटत नाही.

माझ्याशी वाद घालणाऱ्याला महाभारतातच एक चांगला मुद्दा सापडेल. दुर्योधन जन्मला तेव्हा अपशकुन झाले आणि विदुराने धृतराष्ट्राला सांगितले की हा एक सोडून दे. कुळासाठी माणूस, गावासाठी कूळ, देशासाठी गाव सोडावे, असा तो चढता हिशेब आहे. धृतराष्ट्राने पुत्रप्रेमाने ऐकले नाही आणि पुढे अठरा अक्षौहिणी सेना मातीत गेली. मग माइल्स म्हणजे दुसरा धृतराष्ट्रच नव्हे काय? या प्रश्नाने मला खरोखर अडवले. मिगेलच्या बाजूने याहून बळकट साक्षीदार नाही.

पण विदुराचा हिशेब तिथे संपत नाही. त्याच श्लोकाच्या शेवटी तो म्हणतो की आत्म्यासाठी सगळी पृथ्वीही सोडावी. भाषणांतून पहिले तीन चरण आपण पुष्कळ ऐकतो. गावे उठवायची असतात तेव्हा ते फार उपयोगी पडतात. चौथ्याशी पोचेपर्यंत वक्ता पाणी प्यायला थांबतो. चौथा चरण अगोदरच्या तिन्हींना छेद देतो, आणि तो तिथे कशासाठी आहे यावर मोठ्या विद्वानांनी लिहिले असेल. माझ्या अल्पमतीला एवढेच दिसते की बेरीज-वजाबाकी करणाऱ्या त्या शहाण्या माणसालाही एक जागा बेरजेबाहेर ठेवावीशी वाटली. दुसरे असे की विदुर मागत होता ते राजाकडे, आणि त्याचाच मुलगा मागत होता. नाही म्हणायची सोय राजाला होती, आणि त्याने ती वापरली. हिडिंबेला कोणी विचारले नाही. माइल्सलाही कोणी विचारले नाही, त्याला कळवण्यात आले. माहेरच्या गावाविषयी बोलताना ‘इचारलं’ आणि ‘कळवलं’ हे दोन शब्द आजी अजूनही वेगवेगळे वापरते.

चित्रपट निर्दोष आहे असे नाही. मुंबटनच्या जमिनीला भोक पडते, पवित्र तिथे आपले शहर सावरत राहतो, आणि कथा न्यूयॉर्कच्या मुलाबरोबर पुढे निघून जाते. पवित्रवर पहिले संकट कोसळले ते माइल्सला धडा मिळावा म्हणून, असे वाटल्यावाचून राहत नाही. म्हणजे चित्रपट ज्या गोष्टीला नाही म्हणतो तीच थोडीशी करून जातो. गायत्रीला तर बापाचे कळल्यावर काय वाटले असते, हे विचारायची कोणाला सवडच नाही. आणि मुंबटनात मराठी कितीशी, हा प्रश्न मी मुंबईलाच आधी विचारीन, मग चित्रपटाला. तरीही, बी.ए.च्या तीन वर्षांत नीतिशास्त्राच्या तासाला जे प्रश्न आम्ही ‘टीपा लिहा’ म्हणून दहा ओळींत उरकतो, त्यांतला एक प्रश्न माझ्या नऊ वर्षांच्या भावाने त्या दिवशी जेवणे होईपर्यंत सोडला नाही. त्याचे म्हणणे, विश्व मोडत असेल तर ते दुरुस्त करायचा रस्ता शोधावा, बापाला कशाला मारायचे? मिगेलकडे एवढी यंत्रे असून हे त्याला सुचले नाही, याचे त्याला नवल वाटत होते. मलाही वाटले.

शेवटी चित्रपट अर्ध्यावरच थांबतो. माइल्स भलत्याच विश्वात बांधलेला, ग्वेन सोबती गोळा करून त्याला शोधायला निघालेली, आणि पडद्यावर पाटी. आजीने सूप पुन्हा मांडीवर घेतले.

‘मंग बाप वाचला का नाई?’

मी सांगितले की ते पुढच्या भागात आहे आणि तो भाग अजून यायचा आहे.

‘कवा?’

दोन-चार वर्षे तरी लागतील, मी म्हणाले.

तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. ‘तवरी त जिता हाये न मंग,’ ती म्हणाली.